थंड ढिगातली वाफ

१

जखम डाव्या कुशीत होती. शेवटच्या बरगडीच्या मागून सुरू होऊन पोटाकडे उतरलेली, वीतभर लांब, सरळ. कडा स्वच्छ होत्या. एवढ्या मोठ्या जखमेभोवती रक्ताचा एक थेंब साकळलेला नव्हता.

सहायक निरीक्षक दीपमाला शेडगे उकिडवी बसून ती जखम पाहत होती. पोलिसात येण्याआधी तिने सांगलीला सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली होती. सडण्याच्या वासाची तिला सवय होती. मागे उभ्या असलेल्या हवालदार दादासोंना ती नव्हती. त्यांनी रुमालाची घडी नाकावर दाबून धरली होती.

"मागनं डोस्कं फुटलंय, मॅडम. पहारीचा घाव दिसतोय. तेवढ्यात माणूस खलास झाला असंल. मग पोट कशाला फाडायचं?"

"पोट मेल्यावर फाडलंय."

"राग असंल पोटात."

"रागाचा वार एवढा सरळ जात नाही, दादासो. आणि तो एकच नसतो."

मेलेला माणूस इंद्रजित. रहिमतपूरच्या बाहेर, माळावर, हा खताचा कारखाना त्याचाच. शिरवळ भागातल्या कोंबड्या कापणाऱ्या एका कंपनीतून रोज पिसं, आतडी, डोकी आणि रक्त इथे येत असे. त्यात उसाचा कोरडा चोथा, म्हणजे बगॅस मिसळायचं, वर सूक्ष्मजीवांचं कल्चर शिंपडायचं आणि लांबलचक ढीग लावून ठेवायचे. जिवाणू कामाला लागले की ढीग आतून तापतो. काही महिन्यांनी त्या घाणीचं काळं, भुसभुशीत खत होतं. निदान व्हायला हवं.

आठवडा बाजाराच्या दिवशी कामगारांना सुट्टी असे. गेल्या बाजाराच्या दुपारपासून इंद्रजित कुणाला दिसला नव्हता. आज सकाळी, थंडीत, एका कामगाराला ढिगाच्या टोकाला वाफ निघताना दिसली. बाकी कुठेच वाफ नव्हती. त्याने सहज फावडं घातलं आणि मऊ भुशातून माणसाची बोटं वर आली.

प्रेत उजव्या कुशीवर निजवलेलं होतं. गुडघे पोटाशी दुमडलेले. खाली बगॅसचा जाड थर, वरही तसाच. एखाद्याने नीट अंथरूण-पांघरूण घालावं तसं.

दीपमाला त्या थराकडे पाहत असताना दादासोंचा फोन वाजला. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.

"मॅडम, चला. गावातली पोरं पहारी घेऊन मेंढक्याच्या वाड्याकडं गेल्यात. मयताचा भाऊ म्होरं हाय."

२

पोलिसांची गाडी पोचली तेव्हा पहारींचं काम उरकलं होतं.

पाल जळून बसलं होतं. जाळीच्या कुंपणात मेंढ्या एकमेकींवर चढून कोपऱ्यात दाटल्या होत्या आणि ज्या दाटू शकल्या नव्हत्या त्या मोकळ्या जागेत पडल्या होत्या, पाठीचे कणे मोडून. एकीचे पुढचे पाय अजून चालत होते, मागचं धड जागेवरच होतं. मेंढपाळ आकाराम उताणा पडला होता. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून लाल फेस येत होता. त्याची बायको धोंडुबाई त्याच्या अंगावर आडवी पडली होती. तिच्या पाठीवरचं पातळ फाटून त्यातून वळ दिसत होते.

इंद्रजितचा थोरला भाऊ वीरधवल पहार जमिनीत रोवून उभा होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, खांदे अजून ताठ.

"टाका ती पहार," दीपमाला म्हणाली.

"मॅडम, ह्यानं भर बाजारात माझ्या भावाला सांगितलं हुतं. तुला तुझ्याच ढिगात गाडीन म्हनून. पाचपन्नास लोकांनी ऐकलंय."

"टाका."

त्याने पहार टाकली. "आन् पोट कुठं फाडलंय बगा की. डाव्या कुशीत. मेंढीचं पोट फुगलं की हे लोक तिथंच भोसकत्यात. लहान पोराला बी ठावं हाय. फाशी द्यायची त्याला तर द्या, न्हाईतर आमी हितंच निकाल लावतो."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "जित्ता जाऊ द्याचा न्हाई रं गड्या!"

आकाराम आणि धोंडुबाईला साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. वीरधवलवर आणि आणखी दोघांवर मारहाणीचा गुन्हा नोंदला. दुसऱ्या दिवशी तिघेही जामिनावर सुटून आले. आकारामच्या खाटेजवळ मात्र पोलीस बसवावा लागला, तो पळून जाईल म्हणून नव्हे, त्याला कुणी मारेल म्हणून. खुनाच्या फिर्यादीत त्याचंच नाव होतं. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, "संशयित मिळालाय ना शेडगे? मग लांबण लावू नका."

तो जगला तर तुरुंगात जाणार होता. निर्दोष म्हणून सुटला तर माळावर त्याची वाट पाहणारे बसलेच होते. खरा खुनी सापडला तरच त्याला जगता येणार होतं.

३

आकारामचा जबडा तारेने बांधला होता. बोलणं धोंडुबाईने केलं.

"माण तालुक्यातनं दर साली हिकडं येतो आमी. उसाची रानं रिकामी झाली की मेंढ्या बसवायला शेतकरी बोलावत्यात. लेंडीचं खत मिळतं त्यास्नी. इंद्रजितच्या खतानं बसवणं कमी झालं, पर त्येच्यावरनं कोन कुनाचा जीव घेतंय व्हय?"

"मग बाजारात धमकी कशाची?"

"मेंढ्या मेल्या आमच्या." तिने पदराने नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "ते खत पसरलेल्या रानात बसवल्या हुत्या. सकाळी उठून बगतो तर पाय लुळं. मान टाकलेली, जीभ बाहीर. डोळं टकाटका बगायलेलं. हालता येत न्हाई, वराडता येत न्हाई. दोन दिसात कळप निम्मा झाला."

"जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं?"

"इंद्रजितच्या घरचा जावईच की डागतर. सांगलीवरनं येतो. गाडीतनं उतरला बी न्हाई नीट. म्हनला, ज्वारीचं कवळं फुटवं खाल्लं, इख चढलं. आवं, आमची हयात गेली मेंढरामागं. फुटव्यानं जनावर तडफडून मरतं, घटकेत. असं लुळं पडून दोन दिस ऱ्हात न्हाई."

दीपमालाने तिला पोटफुगीबद्दल विचारलं.

"टोचतो की. डाव्या कुशीत, वरच्या अंगाला, दाभणाएवढं भोक. जीव वाचवाया टोचायचं असतं, बाई. मेलेल्याला कशाला टोचू? मेलं की खड्डा काढून पुरतो."

आकारामने हात हलवला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. धोंडुबाईने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"व्हय, ते सांगते. आदल्या बाजारातल्या त्या भांडणानंतर इंद्रजित सोता आला हुता पालावर. एका मेंढीचं डोस्कं मांडीवर घिऊन बसला. लय येळ. मग म्हनला, काकी, चूक आमची हाय. कारखाना बंद करायचा म्हनतोय मी. पर जमीन आईच्या नावावर हाय आन् ती नुसती बघू, बघू म्हनती. तिचं व्हय आलं की तुमचं नुकसान भरून देतो."

ज्याने चूक कबूल केली त्याचा खून आकाराम कशाला करेल? दीपमाला जिना उतरत होती. पण इंद्रजितने कबुली द्यायला निघावं, हे कुणाला परवडणारं नव्हतं?

४

इंद्रजितच्या आईचं, राहीबाईंचं, घर कारखान्याच्या फाटकाला लागून होतं. ओट्यावर बसलं की आत जाणारा-येणारा प्रत्येक जण दिसे. थोरल्या मुलाने आणून दिलेल्या फौजी शालीत त्या बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले.

"बाजाराच्या दिवशी तुम्ही घरीच होता?"

"गुडघ्यानं कुठं जातीय मी."

"कोण आलं होतं दुपारी?"

"कोन बी न्हाई." त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"इंद्रजित कारखाना बंद करायचं म्हणत होता."

"म्हनायचा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हनलं. थोरल्याचं पोट त्यावर, लेकीच्या घरचं नाव त्यावर. तोडून कसं बोलायचं? बघू म्हनलं."

दीपमाला कारखान्यात गेली. तिने लांब दांड्याचा थर्मामीटर घेतला आणि एकेका ढिगात खुपसत गेली. वीरधवल आणि दादासो मागे होते. तापायला हवेत असे ढीग आतून विहिरीच्या पाण्यासारखे थंड होते. दांड्याला काळा, चिकट लगदा येत होता आणि नासक्या अंड्याचा वास. त्या लगद्यात हवा नव्हती. खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ती नसली की वेगळेच जिवाणू माजतात, आणि त्यांच्यातले काही असं विष बनवतात की जनावराचे स्नायू लुळे पडतात. आधी पाय, मग मान, मग श्वास.

मेंढ्या फुटव्यांनी मेल्या नव्हत्या.

शेवटी ती प्रेताच्या जागेशी आली. थर्मामीटरचा काटा झपाट्याने वर चढला. तिने हाताने भुसा उकरला. मोकळा, ऊन, आणि त्यावर पिठासारखी पांढरी साय. निरोगी, चांगल्या तापलेल्या ढिगाची खूण. अख्ख्या कारखान्यात तेवढीच जागा बरोबर लागली होती. म्हणून तिथेच वाफ दिसली.

"वीरधवल, इतर ढिगांत बगॅस का नाही?"

"मिळतं कुठं आता? साखर कारखाने त्येच्यावर वीज काढत्यात. दाजी म्हनले, कल्चर जोरात हाय, भुसा कमी चालंल. तसंच करतोय वरीसभर."

"मग हे कुठून आलं?"

त्याने कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट केलं. "कल्चरच्या खोलीतलं असंल. दाजी त्येच्यावर जिवाणू वाढवत्यात. आधी मोठ्या डेअरीवर हुते ते. किल्ली इंद्राकडं आन् दाजींकडं."

खोलीत रिकामी पोती घडी करून ठेवलेली होती.

"दादासो," गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "समजा तुम्हाला प्रेत लपवायचंय. तुम्ही काय कराल?"

"ढकलीन ढिगात, वर लगदा ओढीन आन् पळत सुटीन."

"कुणीही तेच करेल. पण याने खाली गादी घातली, वर पांघरूण घातलं, कूस बघून निजवलं. त्याला नुसतं लपवायचं नव्हतं. प्रेत पुरतं जिरायला हवं होतं, आणि ते कसं जिरवतात हे त्याला शिकवलेलं होतं. कोंबड्यांच्या कारखान्यात अशी गादी घालत नाहीत. तिथे भुसा मालातच मिसळतात."

"मग कुठं घालत्यात?"

"चला सांगलीला."

५

डॉ. ऋषिराजचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता. देखणा, नेमकं बोलणारा माणूस. सासरच्या दुःखाने त्याचा आवाज खाली आला होता. त्याची बायको माया, इंद्रजितची धाकटी बहीण, चहा ठेवून दाराशी उभी राहिली.

"मारेकऱ्याने डोक्यात घातलं, एवढंच सांगितलंय घरच्यांनी," तो म्हणाला. "मी पोचलो तेव्हा बॉडी नेली होती."

"मी वेगळ्या कामाने आलेय, डॉक्टर. आमच्या भावकीत म्हैस मेलीय. खड्डा काढायला माळ फोडवत नाही. खत करता येईल का? तुम्ही आधी मोठ्या डेअरीवर हेच काम पाहायचात ना?"

तो सैलावला. हे त्याच्या आवडीचं होतं.

"अगदी सोपं आहे. लोक घाई करतात, तिथे फसतं. आधी कोरड्या भुशाची जाड गादी. शरीरातलं पाणी सुटतं, ते तिने शोषलं पाहिजे. गादी नसेल तर खाली लगदा होतो, हवा कोंडते आणि ढीग थंड पडतो."

"कोंबडीच्या आतड्यांच्या ढिगालाही तेवढाच भुसा लागतो?"

"जास्तच. ते तर ओलंच असतं."

बोलून गेल्यावर तो क्षणभर थबकला, पण दीपमाला शांतपणे ऐकत होती.

"मग?"

"मग जनावर गादीवर ठेवायचं. पाय दुमडून, म्हणजे ढिगाबाहेर येत नाहीत. उजव्या कुशीवर. डावी कूस एका सरळ छेदाने उघडायची, नाहीतर आत वायू साठून पोट फुटतं, ढीग उसवतो. वर कल्चर, मग पुन्हा तेवढाच भुसा. हाडं सोडून काही उरत नाही."

"उजव्याच कुशीवर का?"

"गुरांचं मोठं पोट डावीकडे असतं. ते वर आलं पाहिजे."

"माणसाला ते नसतं, डॉक्टर."

ऋषिराजने कप उचलला, आणि तो बशीवर परत ठेवताना त्याचा नेम चुकला. चहा टेबलावरून त्याच्या मांडीवर सांडला. तो हलला नाही.

"इंद्रजितला उजव्या कुशीवर निजवलं होतं," दीपमाला म्हणाली. "पाय दुमडून. डाव्या कुशीत एक सरळ छेद. माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. हाताला लागलेली सवय होती ती. आणि भुसा किती लागतो हे ज्याला ठाऊक होतं, त्यानेच वर्षभर तो कमी घालायला सांगितला. मेंढ्या कशाने मेल्या हेही त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इंद्रजित ते गावात सांगणार होता."

"हे ज्ञान झालं, मॅडम, पुरावा नव्हे." त्याचा आवाज परत नेमका झाला होता. "बाजाराच्या दिवशी मी इथे होतो."

"हे घरीच होते," माया म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचा एक डोळा सुजून निळा झाला होता आणि ती बाजू तिने दाराकडे वळवून धरली होती.

गाडीत दादासो म्हणाले, "कोर्टात उभं ऱ्हाईल का, मॅडम?"

"नाही. त्याला फाटकातून आत जाताना पाहिलेलं कुणीतरी हवं."

साताऱ्याच्या दवाखान्यातून फोन आला. आकारामच्या मेंदूत रक्त साकळलं होतं. त्याला शस्त्रक्रियेला नेत होते.

६

दहाव्याचा विधी उरकून माणसं राहीबाईंच्या अंगणात परतली होती. वीरधवलचं डोकं भादरलेलं. माया आईच्या पायाशी, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. ऋषिराज खांबाला टेकून उभा. फाटकापाशी गावातली पोरं घोळक्याने थांबली होती. आकाराम शस्त्रक्रियेतून वाचला, ही बातमी त्यांनाही कळली होती.

दीपमाला ओट्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली.

"राहीबाई, बाजाराच्या दिवशी इथे कुणी आलं नाही, असं तुम्ही म्हणालात."

"म्हनलं."

"तुमच्या ओट्यावरून चुकवून आत जाता येत नाही. मग आकाराम तरी कुठून आला?"

वीरधवलने मान वर केली.

"आई?"

"कुणी आलं नसेल तर तोही आला नाही," दीपमाला म्हणाली. "तरी त्याचं नाव फिर्यादीत पडताना तुम्ही गप्प बसलात. त्याचा जबडा तुमच्या मुलाने फोडला, तेव्हाही. अंगणातली ही पोरं कशासाठी थांबलीत, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला कुणाचं नाव घ्यायचं नाही, तेही मला कळतंय."

"मॅडम, दुःखाच्या घरात हे—" ऋषिराज पुढे आला. "मामी, तुम्ही आत चला."

त्याने राहीबाईंच्या दंडाला धरलं. मायाने दचकून डोकं मागे घेतलं. त्याचा हात तिच्याकडे आलाही नव्हता. पदर घसरला. म्हातारीने लेकीचा निळा पडलेला डोळा पाहिला, आणि त्याखालचा गालही, जुन्या डागांचा.

"हे कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

मायाने पदर पुन्हा ओढून घेतला.

"दंड सोडा, डागतर," राहीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाजाराच्या दिशी तुमी ह्याच ओट्यावर च्या प्यालासा. इंद्राला हाका मारत आत गेलासा. संध्याकाळी शर्ट उलटा घालून भायेर आलासा. म्या इचारलं, इंद्रा कुठं? तुमी म्हनलासा, गेला फलटणला. म्या गप ऱ्हायले. लेकीचं घर मोडंल म्हनून. घर हे असं हाय व्हय तिचं?"

"म्हातारपण आहे, काहीही—"

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. वीरधवलने त्याला गळ्याला धरून खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज अंगणाला ऐकू आला. ऋषिराज खाली बसला तसा वीरधवलने कोपऱ्यातली कुदळ उचलली. दादासो त्याच्या कमरेला लटकले होते. दीपमालाने पिस्तूल काढलं.

"वीरधवल! एका निरपराध माणसाला फोडून झालंय तुमचं!"

तो थांबला. कुदळ डोक्यावर तशीच. त्याने ती बाजूला भिरकावली आणि जमिनीवर बसून स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिला. "त्यो तोंडातनं कायतरी सांगत हुता," तो म्हणाला. "आकाराम. मी ऐकलंच न्हाई."

फाटकापाशी असलेली पोरं एकेक करून पांगली.

ऋषिराजच्या हातात बेड्या पडल्या. माया जागची हलली नाही, फक्त तिने आईच्या शालीचं टोक मुठीत धरलं. दीपमालाने जबाब तिथेच लिहून घेतला. राहीबाईंनी तो वाचून घेतला आणि मग म्हणाल्या, "इंद्रानं उन्हाळ्यापास्नं इचारलं मला. जेवताना, निजताना. आई, एकदा तोंडानं सांग. म्या सांगितलं असतं तर त्यो एकटा ह्या माणसाम्होरं गेला नसता."

दीपमालाने जबाबाच्या कागदाची घडी घातली.

रस्त्यावर हॉर्न वाजला. शिरवळहून आलेला टेम्पो फाटकात उभा होता, मागून लाल पाणी गळत होतं. चालक ज्ञानूने खिडकीतून डोकं काढलं. पोलीस, बेड्या, खांबावरचं रक्त, सगळं पाहून तो गोंधळला. नेहमीप्रमाणे त्याने वीरधवलला विचारलं, "दादा, माल कुठं वतू?"

वीरधवलने आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

राहीबाई खांबाला धरून उठल्या. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. ओट्याच्या कडेपर्यंत त्या स्वतः चालत आल्या.

"परत ने, लेकरा," त्या मोठ्याने म्हणाल्या, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. "कारखाना बंद केलाय मी."